कड्यावरून परतलेली हाळी

आमच्या डोंगराला नाव होतं. सरकारी नकाशात ते उंचीच्या आकड्यासकट छापलेलं आहे, पण वाडीत ते कोणी घेत नसे. आम्हाला ‘वर’ आणि ‘खाली’ एवढे दोनच शब्द पुरत. खाली म्हणजे कापडे, उमरठ, पोलादपूरचा बाजार, महाड, माझे वडील जिथे गिरणीत होते ती मुंबई, आणि उरलेलं सगळं जग. वर म्हणजे आमची अकरा घरं. पुढे मी महाडच्या शाळेत भूगोल शिकवला. उंचीवर हवा थंड होते, पश्चिमेचे ढग डोंगराला अडतात, पाऊस पडतो, हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आणि मुलांनी वहीत उतरवून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण मी ज्या माथ्यावर जन्मले तो त्यात कुठेच नव्हता, आणि तिथे जे घडलं ते तर मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलंच नव्हतं. आता डोळ्यांना अक्षर धूसर दिसू लागलंय, म्हणून घाईने लिहून काढते आहे.

माथा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सुळका येतो. आमचा माथा बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा होता. लांबट, दोन्हीकडे उतरता, मधे एक उंचवटा. उंचवट्याच्या उगवतीला, वाऱ्याच्या आडोशाला घरं. दक्षिणेच्या उतारावर नाचणी आणि वरीची वावरं. मावळतीला मात्र जमीन हळूहळू उतरत जायची आणि एकाएकी संपायची. तो कडा. त्याच्या पायाशी खोल घळ आणि घळीपलीकडे दुसऱ्या डोंगराची उभी काळी भिंत, इतकी जवळ की हिवाळ्यात तिच्यावरची वानरं मोजता येत. माती कुठेही हातभर खोल नव्हती, खाली सगळा कातळ. झाडं होती ती अंजनीची, हिरड्याची, जेमतेम माणसाच्या उंचीची, आणि एकजात सगळी उगवतीकडे वाकलेली. मला वाटायचं झाडं वाकडीच उगवतात. पहिल्यांदा पोलादपूरला गेले तेव्हा सरळसोट आंबा बघून मी आईला विचारलं होतं, ह्याला काठी बांधून वाढवलाय का?

एवढा पाऊस कोसळणाऱ्या ठिकाणी चैत्र-वैशाखात आम्ही पाण्यासाठी रडत असू, हे खालच्यांना पटत नसे. पण पाणी माथ्यावर थांबत नाही, ते खालच्यांसाठीच पडतं. कातळात खोदलेलं एक टाकं होतं, त्यातलं पाणी वैशाखात हिरवं व्हायचं आणि आम्ही ते फडक्यातून गाळून प्यायचो. हिवाळा मात्र राजाचा. सकाळी उठावं तर ढग आपल्या पायाखाली, सावित्रीचं सगळं खोरं पांढरंफेक भरलेलं, आणि वर आमच्या अंगणात कोवळं ऊन. खालचे लोक अजून अंधारात दात घासतायत आणि आपण उन्हात बसलोय, याचा मला फार गर्व होता. तासाभराने ढग विरला की आधी कशेडी घाटाची वाट दिसायची, मग कापड्याची भातखाचरं. मी हे सगळं माझ्याच मालकीचं असल्यासारखं बघत असे.

पावसाळ्यात ही मालकी जायची. ज्येष्ठ सरता सरता ढग येऊन माथ्यावर बसायचा तो दोन-दोन महिने उठायचा नाही. घराच्या मावळतीच्या बाजूला आम्ही गवताच्या जाड झड्या बांधायचो, त्या थेट जमिनीपर्यंत, म्हणून घरात दिवसाही चुलीचाच उजेड. दाराला फट राहिली की धुकं आत यायचं आणि चुलीपाशी जाऊन नाहीसं व्हायचं. धुतलेलं लुगडं आठ दिवस वाळत नसे. मिठाचं पाणी होई, म्हणून मीठ चुलीवरच्या शिंक्यात. आगपेटीही तिथेच, तरी दहा काड्यांतली एखादी पेटायची. विस्तव विझू न देणं हे आईचं सगळ्यात मोठं काम होतं, आणि ती ते रागारागाने करायची. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, भाजलेला बोंबील, कधी कुर्डूची भाजी. त्या बोंबलाचा वास ओल्या घोंगड्यांत मिसळून घरभर राहायचा. आज माझी नातवंडं नाक दाबतील. मला तो वास अजून कुठे आला तर पाय तिथेच थांबतात.

आता धुक्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमचं धुकं म्हणजे हिवाळी पहाटेची नाजूक धुरकट हवा नव्हे. तो ढगच. आला की हात लांब करावा तर बोटं दिसत नाहीत. अशा वेळी कोणी बाहेर अडकलं तर त्याला शोधायला जायचं नाही, हा वाडीचा पहिला नियम. शोधायला गेलेला दुसरा चुकतो. अडकलेल्याने जिथल्या तिथे बसून राहायचं. घरच्याने उंचवट्यावर जायचं, तिथे एक मोठा धोंडा होता, हाळीचा धोंडा, त्यावर उभं राहून नाव घेऊन हाळी द्यायची. अडकलेल्याने ओ द्यायची, हाळीच्या रोखाने दहा पावलं यायचं, थांबायचं, पुन्हा हाळी ऐकायची, पुन्हा दहा पावलं. तो येऊन धोंड्याला हात लावेपर्यंत हाळी थांबवायची नाही, मग घसा फुटो. आणि धोंडा सोडून दुसरीकडून हाळी द्यायची नाही. कारण कड्याच्या बाजूला गेलात तर आवाज पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं बोलावणारा तिकडेच आहे.

उघडीप असली की आम्ही पोरं कड्यापासून वीस हात मागे बसून त्या भिंतीशी बोलत असू. भिंत सगळं परत करायची. त्यामुळे वरच्या पोरांना न शिकवताच कळायचं की परतून आलेला आवाज कसा असतो. त्याला डोकं नसतं. माणसाची हाळी येते ती पहिल्या अक्षरापासून ठसठशीत, भिंतीकडून येते तिचं पहिलं अक्षर झिजलेलं आणि शेपूट लांब. सांगून कळत नाही, पाच-पंचवीसदा ऐकावं लागतं.

अनसाकाकी खालची होती. माझा धाकटा काका गणू, त्याची ती बायको, माहेर कापड्याचं. लग्न होऊन वर आली तेव्हा मी अकरा वर्षांची आणि ती असेल सतरा-अठराची. भाताच्या गावची पोर, तिला नाचणी गिळवत नसे. पहिल्या आठवड्यात भाकरीकडे बघून म्हणाली, “ही भाकरी हाय का तव्याचा बूड खरवडलाय गो?” आई चिडली, आणि मग तोंडावर पदर घेऊन हसली. आईला हसवणारं माणूस आमच्या घरी तोवर कोणी आलं नव्हतं. काका तर मुखदुर्बळ, दिवसाकाठी चार शब्द बोलायचा. ती आल्यावर सहा बोलू लागला. हिवाळ्यात सकाळी ढग विरला की ती मला घेऊन वाडीच्या टोकाला जायची आणि खाली बोट दाखवायची, “ती बघ, ती तिसरी चौकट, ती आमची खाचरं. तितं आता आय मशेरी लावत बसली असंल.” मी म्हणायची, इतक्या लांबून काय दिसतं? ती म्हणायची, “दिसत नाय, ठाव हाय.”

मला तिचा लळा लागला आणि त्याबरोबर थोडी मिजासही चढली. घरात पहिल्यांदा माझ्यापेक्षा कमी जाणणारं कोणी आलं होतं. वारा फिरला हे कशावरून ओळखायचं, कातळावरचं कोणतं शेवाळ घसरतं, सगळं मी तिला शिकवायची, आणि तीही मान डोलवत शिकायची. वैशाखात एकदा आम्ही भिंतीशी बोलायला गेलो. ती दोनदा दचकली. “खरा आवाज कंचा नि भिंतीचा कंचा, कसा वळखायचा गो बाय?” तिने विचारलं. मी म्हणाले, “ते वरच्यांनाच कळतं.” तिने पुन्हा विचारलं. मी म्हणाले, मला आधी माहेराहून तांदळाचे लाडू आणून दे, मग सांगीन. ती हसून म्हणाली, देईन. माझ्या आयुष्यातली मी बोललेली सगळ्यात वाईट वाक्यं कोणती, असं कुणी विचारलं तर मी ही दोन सांगेन.

आषाढातली गोष्ट. दोन दिवस ढग जरा उचलला होता म्हणून बायका वरीतलं तण बेणायला दक्षिणेच्या वावरात गेल्या. आई आणि काकीही गेल्या, डोक्यावर इरली घेऊन. दुपारी आईचं अंग तापलं तेव्हा काकीने तिला घरी पाठवलं. “दोन वळी ऱ्हायल्यात, त्या करून आलेच,” म्हणाली. आई घरी येऊन चुलीपाशी आडवी झाली आणि थोड्याच वेळात ढग खाली आला. बाकीच्या बायका एकमेकींचे पदर धरून परतल्या. काकी आमच्या वावरात एकटीच, जरा लांब. आई उठू लागली तर तिला उभं राहवेना. काका उत्तरेच्या अंगाला बांध घालायला गेला होता. आई म्हणाली, “शेवंते, जा, धोंड्यावर जा. अनसाला हाळी घाल. मी हाय हितंच.”

मी गेले. अशी हाळी द्यायची माझी पहिलीच वेळ, मनातून मला बरंच वाटत होतं. धोंड्यावर उभी राहिले तर वारा समोरून, दक्षिणेकडूनच येत होता, आणि असा येत होता की हाळी माझ्याच तोंडात परत घुसत होती. मी पाच-सात वेळा ओरडले. ओ नाही. मोठी बाई धीर धरून तासभर ओरडली असती. वारा मधेच पडतो, एखादी हाळी पोचते. मला ते ठाऊक होतं. पण मला वाटलं, धोंड्याखाली मावळतीला गेलं तर उंचवट्याच्या आडोशाला वारा कमी लागेल आणि आवाज कड्याच्या कडेकडेने वावरापर्यंत जाईल. मी हुशार होते ना. नियम लहान पोरांसाठी असतात असं त्या क्षणी मला वाटलं, आणि मी स्वतः लहान पोर आहे हे विसरले. हाताने चाचपत, बसत बसत मी खाली उतरले, भिंतीशी बोलायला बसायचो त्या जागेपर्यंत गेले आणि हाळी दिली, “अनसाकाकीऽऽ.”

लगेच ओ आली. केवढा आनंद झाला मला. बारीक, लांबून, पण तिचीच. मी पुन्हा हाळी दिली, पुन्हा ओ, जरा जवळून. मी तिला शिकवलं होतं तसंच ती करत होती, दहा पावलं येत होती, थांबत होती, ओ देत होती. मधे उंचवट्याचा खांदा होता. माझा आवाज त्याच्यावरून तिच्यापर्यंत जातच नव्हता, जात होता तो भिंतीवर आपटून. ती भिंतीकडे चालली होती. हे मला आज कागदावर रेघा मारून दाखवता येईल, मी तशा मारल्याही आहेत, कितीतरी वेळा. तेव्हा मला एवढंच कळत होतं की काकी येतेय. आठ-दहा ओ झाल्या असतील. मग मी हाळी दिली आणि ओ आली नाही. मला वाटलं वारा फिरला. मी पुन्हा दिली. भिंतीने माझा आवाज मला परत दिला, त्याला डोकं नव्हतं, आणि तेव्हा मी कुठे उभी आहे ते मला कळलं.

त्यानंतर मी काय केलं ते लिहायला हात वळत नाही, पण तेच लिहायचं आहे. मी धोंड्यावर परत गेले. तिथे उभी राहून, समोरून येणाऱ्या वाऱ्यात, घसा फुटेपर्यंत हाळ्या देत राहिले. आई घरांच्या भिंती धरत धरत वर आली, वाडीतली माणसं आली, काका आला, तेव्हा मी धोंड्यावर होते. आईने विचारलं, “हितूनच घालत व्हतीस ना गो?” मी म्हणाले, “हितूनच.” काका माझ्या शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. तो बोलतच नसे, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी ढग फाटला तेव्हा तिचं इरलं कड्याच्या करवंदीत अडकलेलं दिसलं. माणसं खालून फिरून घळीत गेली. कापड्याहून तिची आई आणि भाऊ आले. तिची आई आयुष्यात पहिल्यांदा डोंगर चढली असावी, ओसरीवर टेकली ती उठलीच नाही. वाडीतले जाणते तिला समजावत होते, पोर खालची होती, तिला भिंतीचा आवाज कळला नाय, धोंड्यावरून हाळी जात व्हती तरी ती कड्याकडं गेली, कुनाचा दोष नाय. ती पदर तोंडात धरून ऐकत होती. मी दाराआड उभी होते. एक पाऊल पुढे टाकून बोलायला माझ्याजवळ अख्खी दुपार होती. संध्याकाळी ती दोघं उतरून गेली.

पुढे वाडीत बोलणं असंच रूढ झालं. खालची सून करायची म्हटलं की कुणीतरी अनसाचं नाव काढायचं आणि बोलणं तिथेच थांबायचं. ती किती हसवायची, आईच्या तापात तिनेच आईला घरी पाठवलं होतं, हे सगळं लोक विसरले; उरली ती एक बावळट पोर, जिला हाळी कळली नाही. मी हे ऐकत मोठी झाले. काकाने दुसरं लग्न केलं नाही. लोक म्हणत, माया फार. मलाही तसंच वाटे, आणि त्याच्या ताटात भाकरी वाढताना माझी मान वर होत नसे. शिकायला महाडला गेले ती मुख्यतः त्या ताटापासून पळून, हे आता कबूल करायला हरकत नाही.

काका म्हातारा झाला तेव्हा डोळ्याच्या औषधपाण्यासाठी माझ्याकडे महाडला येऊन राहिला. वाडी एव्हाना जवळजवळ रिकामी झाली होती, माणसं खाली उतरली होती. एके दिवशी दुपारी मी त्याच्या डोळ्यांत औषध घालत होते. तो मान मागे टाकून पडला होता, डोळे मिटलेले. त्याला माझं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच मला धीर झाला असेल. मी म्हणाले, “काका, मी त्या दिवशी धोंड्यावरून हाळी देत नव्हते. कड्यावर गेले होते.”

“ठाव हाय,” तो म्हणाला.

माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. मग तो पुढे बोलू लागला. मी त्याला एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “मी बांधाशेजारी गोठणीच्या छपरात, ढोरं बसतात तितं, बसलो व्हतो. तितं तुजी हाळी येत व्हती, सरळ. कड्याकडनं येतेय ती मना कळली. अनसा वावरात हाय त्येबी ठाव व्हतं. पन सकाळधरनं काडी पेटत नव्हती गो, तवाच एक पेटली. इडी लावली व्हती. म्हटलं, येवडी वढतो नि उठतो, पोरीला सांगतो धोंड्यावर जा म्हून.” औषधाचं पाणी त्याच्या कानशिलावरून उतरत होतं की दुसरं काही, मी बघितलं नाही. “इडी सपली तवर हाळी थांबलीवती.”

आम्ही दोघं एकाच घरात इतकी वर्षं राहिलो, एका चुलीवरचं खाल्लं, आणि दोघांनीही आपापलं झाकायला त्या मेलेल्या पोरीला पुढे केलं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. फार लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, खोटं कशाला बोलू, जरा हलकंही वाटलं. मी त्याला म्हणाले, कापड्याला जाऊ. तो म्हणाला, चल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेलो. काकीचा भाऊ पडवीत सुपात तांदूळ निवडत बसला होता, आमच्यासारखाच पिकलेला. त्याने काकाला ओळखलं, मला सांगावं लागलं. त्याच्या सुनेने चहा आणला. मी चहा खाली ठेवून सगळं सांगितलं, धोंडा, वारा, कडा, माझं खोटं. मग काकाने त्याचं सांगितलं, काडी, विडी. आमचं झाल्यावरही भाऊ सुपातले खडे बाजूला काढत राहिला. मला वाटलं आता तो उठा म्हणेल, आणि म्हणावं असंच मला वाटत होतं.

“अनसाचा लानपनी कान फुटायचा,” तो शेवटी म्हणाला. “डावा. आयनं तेल घातलं, पन डाक्टरकडं नाय नेली. ती गेली तवापास्नं आय त्येच धरून बसली. म्हनायची, माज्यामुळं पोरीला हाळी नीट ऐकू नाय आली. जाईस्तवर म्हनत व्हती. आमी समजावून थकलो.” त्याने सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “म्हंजी, कान बरा व्हता तिचा?”

“बरा होता,” मी म्हणाले. “तिने माझी प्रत्येक हाळी ऐकली.”